खोडलेली यादी

यादी दोन पानांची होती. रात्री उशिरापर्यंत जागून, सुट्या भागांच्या कॅटलॉगमधले नंबर शोधून, सुवाच्य अक्षरात मी ती केली होती. नवे बंपर, नवी ग्रिल, पूर्ण वायरिंग, सीटची कव्हरं, मीटरची काच, दारांची हँडलं, आरसे, गालिचा. जुन्या गाड्यांच्या क्लबात जायचं माझं कारण साधं होतं: हे सगळं कुठे मिळेल आणि कोण बसवून देईल, ते या लोकांना नक्की माहीत असणार. क्लबातल्या सगळ्यात जुन्या सभासदांना तिथे सगळेच काका म्हणतात. काकांनी आधी गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली. जॅक लावून पुढचं चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. मग पोतं अंथरून गाडीखाली आडवे झाले. बराच वेळ नुसते त्यांचे बूट दिसत होते आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोकल्याचा आवाज येत होता, कुठे ठण्ण, कुठे बद्द. बाहेर आले, चिंधीला हात पुसले, माझ्याकडून यादी घेतली आणि खिशातली पेन्सिल काढून एकेक ओळ खोडत गेले. बंपर खोडले. ग्रिल खोडली. वायरिंगपाशी जरा थांबले आणि तेही खोडलं. दोन पानांतून मोजक्या ओळी उरल्या: ब्रेकचे व्हील सिलिंडर, ब्रेकचे रबरी पाइप, पुढच्या चाकांचे ट्रनियन (चाक धरणाऱ्या दांडीचे सांधे), टायर. खाली आपल्या तिरप्या अक्षरात दोन गोष्टी वाढवल्या, ‘ग्रीसगन’ आणि ‘लुकलुकणारे दिवे’. यादी परत देत म्हणाले, “हे आधी आण. बाकीचं बघू.” आणि पलीकडे कुणाच्या तरी क्लचचं काम अडलं होतं, तिकडे निघून गेले.

मला ते लागलं. बोलण्यात कुठे तुसडेपणा नव्हता, उलट माझ्या गाडीखाली ते कपडे मळवून आले होते. तरी घरी येताना आणि नंतरही कितीतरी दिवस ती पेन्सिलीची रेघ डोळ्यांसमोरून हलेना. त्या यादीत माझ्या मनातली गाडी होती, चकचकीत, आजच कारखान्यातून निघाल्यासारखी. मदत मागायला गेले आणि त्या गाडीचाच बहुतेक भाग कुणीतरी शांतपणे पुसून टाकला. कारणही सांगितलं नाही. का, एवढं विचारायचं मलाही तेव्हा सुचलं नाही.

गाडी मॉरिस मायनर आहे. मायनर 1000, पुढची काच अखंड असलेली, 948 सीसी इंजिनाची. लहानपणी शेजारी अशीच एक होती. ती वळायला लागली की दाराच्या मागच्या खांबातून एक छोटा नारिंगी हात टक्कन आडवा बाहेर यायचा, आत दिवा लागायचा, आणि वळण संपलं की पुन्हा खांबात गडप. त्याला ट्रॅफिकेटर म्हणतात, हे फार नंतर कळलं. 1961 मध्ये मायनरवरून हे हात गेले आणि आजच्यासारखे उघडझाप करणारे दिवे आले. म्हणजे मला हवी होती ती त्याआधीची. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली एक मिळाली तेव्हा मी इंजिन बघितलं नाही, पत्रा बघितला नाही, आधी खांबातली ती फट बघितली. हात आत होता. नखाने ओढून बाहेर काढला तर प्लास्टिक पिवळं पडलेलं, पण अखंड. त्या क्षणीच गाडी माझी झाली. बाकी सगळा व्यवहार नुसता उरकायचा राहिला होता.

मग एकटीने काम करण्याचे दिवस आले. हाताशी कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल होतं. त्या पुस्तकाबद्दल मला आजही आदर आहे. रेखाचित्रं सुंदर, प्रत्येक भागाला क्रमांक, प्रत्येक नटाला किती जोर लावायचा त्याचा आकडा. पण ते लिहिणाऱ्यांसमोर नवी कोरी गाडी होती. ‘चार बोल्ट काढा’ असं ते लिहितात. माझ्यासमोरचे चार बोल्ट अनेक दशकांच्या गंजाने पत्र्याशी एकजीव झालेले. ‘जोडणी उलट क्रमाने करावी’ या वाक्यावर तर मी कितीदा थबकले असेन. उघडताना जे मोडलं, वाकलं, आटे गेले, त्याचं काय करायचं याला उलट क्रम नसतो. गॅरेजवाल्यांकडे विचारावं तर तिथेही पंचाईत. आजची गाडी कॉम्प्युटर लावून तपासणाऱ्या हुशार तरुणांनी इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उघडलेला नसतो, आणि यात त्यांचा काही दोष नाही. त्यांच्यासमोर तो येतच नाही.

म्हणून क्लब. आणि क्लबात पहिल्याच दिवशी ती खोडलेली यादी.

तरीही मी पुढच्या रविवारी गेले. एका सभासदाच्या मोठ्या शेडमध्ये सगळे जमतात. आत शिरल्याबरोबर जुन्या इंजिन ऑइलचा, रबराचा आणि वेल्डिंगच्या जळक्या पत्र्याचा एकत्र वास येतो. कुठली तरी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली असते, चाकं काढलेली. भिंतीला एक वही टांगली आहे. तिच्यात कुणी कुठलं हत्यार नेलं ते लिहायचं: व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प, क्लचची प्लेट मधोमध बसवायची दांडी, स्टिअरिंग ओढायचा पुलर. आयुष्यात एकदा-दोनदा लागणारी, पण लागली की दुसऱ्या कशाने न भागणारी हत्यारं. वहीतल्या मागच्या पानांवर आता हयात नसलेल्या लोकांच्या सह्या आहेत आणि त्यांनी दिलेली हत्यारं अजून फिरताहेत.

तिथे माझ्या पहिल्या जाम बोल्टचं काम झालं. निवृत्त फिटर असलेले एक सभासद आहेत, कमी बोलणारे. मी सबंध ताकद लावून पान्यावर लोंबकळत होते. त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि दुसरा दिला, सहा कोनांचा. “बारा कोनांचा घेतलास तर कोपरे खाईल.” मग गॅसची ज्योत नटावर धरली, बोल्टवर नाही. नट तापून फुगतो, आतला बोल्ट तेवढा फुगत नाही, एवढं ते बोलले. नट लालसर व्हायच्या आतच ज्योत बाजूला केली आणि मेणबत्तीचं टोक आट्यांना टेकवलं. मेण वितळून धूर काढत आत ओढलं गेलं. मला वाटलं, आता जोर लावायचा. “आधी आवळ,” ते म्हणाले. मी चुकून ऐकलं की काय, असं वाटलं. “आवळ. अगदी थोडासा.” मी आवळला. काही झालं नाही. पुन्हा थोडा. आणि मग पान्याच्या दांड्यातून एक बारीक ‘टक्’ तळहाताला जाणवलं, ऐकू येण्याच्या आधी. गंज सुटला होता. त्यानंतर पाव फेरी सोडायचा, आठवा भाग परत आवळायचा, तेल टाकायचं, पुन्हा सोडायचा. बोल्ट बाहेर आला तो त्याच्या आट्यांसकट, वापरता येईल असा. त्यांनी तो तारेच्या ब्रशने घासला, माझ्या हातावर ठेवला आणि आपल्या कामाला गेले.

या लोकांची मदत करायची ही तऱ्हा समजायला मला वेळ लागला. तुमचं काम कुणी करून देत नाही. शेजारी उभं राहतात. तुमच्या हातात चुकीचा पाना असेल तर बदलतात. गाडीचं काम म्हणजे सल्ल्यांचा पाऊस, अशी माझी समजूत होती. इथे जास्त जाणते लोक कमी बोलतात, आणि बोलले तरी ते बहुधा प्रश्न असतात: गरम असताना होतं की थंड असताना? चढावर की उतारावर? आवाज क्लच दाबल्यावर जातो का? उत्तरं देता देताच मला माझी गाडी नीट ऐकू यायला लागली.

वायरिंग का खोडलं, ते मला काकांनी नाही, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने दाखवलं. क्लबातल्या सगळ्या गाड्यांची विजेची कामं तिच्याकडे जातात. माझे हेडलाइट मिणमिणते, हॉर्न कधी वाजे कधी नाही, तारांवरचं कापडी वेष्टण मळून सगळीकडे एकाच मातकट रंगाचं झालेलं. मला ते काढून फेकायचंच होतं. तिने टोकाशी असलेली रबरी टोपी मागे सरकवली. टोपीखालचा इंचभर भाग ऊन-धूळ न लागल्यामुळे अजून ताजा होता: एक तार तपकिरी, एक पांढरी, एक निळी. “तपकिरी बॅटरीकडून आलेली, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थिंगची. एकदा पाठ झालं की त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्या वाचता येतात.” या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणजे आजच्या गाड्यांच्या उलट, आणि परतीची तार म्हणून सबंध बॉडीच वापरलेली असते. तिने तारा हलकेच वाकवून बघितल्या. वेष्टण तडकलं नाही. मग हेडलाइटमागे काळी तार जिथे पत्र्याला भेटते तिथला स्क्रू काढला. खाली गंजाचं आणि जुन्या रंगाचं कवच. सँडपेपरने पत्रा उघडा होईस्तोवर घासला, तार परत आवळली, वर थोडं ग्रीस. दिवा लावला. उजेड पांढरा आणि भरघोस पडला. सबंध वायरिंगची मागणी मी ज्या दुखण्यासाठी लिहिली होती ते एका स्क्रूखाली होतं.

हळूहळू यादीतल्या एकेका खोडलेल्या ओळीमागचं कारण असं उलगडत गेलं. पण उरलेल्या ओळींचं कारण काकांनी स्वतः दाखवलं, आणि ते मी विसरणार नाही. मायनरच्या पुढच्या चाकाला धरणारी जी उभी दांडी असते, तिला वर आणि खाली आटे असतात. ते आटे ट्रनियनमध्ये बसतात. स्टिअरिंग फिरवलं की दांडी त्या आट्यांतच फिरते. तिथे ग्रीस गेलं नाही की आटे झिजतात, आणि झिजलेले आटे वर्षभर काहीही सांगत नाहीत. मग एके दिवशी, बहुधा गाडी हळू चालवताना, वळताना, दांडी ट्रनियनमधून उपसून बाहेर येते आणि चाक गाडीखाली आडवं पडतं. माझा खालचा ट्रनियन काढून काकांनी माझ्यासमोर धरला. आतले आटे बोटाला लागतच नव्हते. नळीसारखं गुळगुळीत. “बंपर चमकतो की नाही हे रस्त्याला कळत नाही,” ते म्हणाले. “तू आधी थांबायला शिकव तिला. मग वळायला. मग चालायला. सजायचं शेवटी.” ग्रीसगन का लिहिली होती ते वेगळं विचारावं लागलं नाही. चाक जॅकवर उचलायचं, निपल पुसायचं, ताजं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईस्तोवर भरायचं, हे आता माझ्या हाताला सवयीचं आहे.

या बाबतीत क्लब कडक आहे आणि असायलाच हवा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडून आतली धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायची, हा नियम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. गंजलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने गंज उतरवण्याची युक्ती सगळे वापरतात, पण दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावायला सक्त मनाई. त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. शिवाय हायड्रोजन निघतो, म्हणून ते काम उघड्यावरच. मला हा कडकपणा आवडतो. नव्या माणसाची काळजी असल्याशिवाय कुणी इतकं ओरडत नाही.

आता जे सांगते ते या सगळ्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. इंजिनाचे टॅपेट लावायचे होते, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट ठरवायची होती. मॅन्युअलमध्ये आकडा आहे: 0.012 इंच, म्हणजे साधारण 0.30 मिलिमीटर, इंजिन थंड असताना. कुठला टॅपेट कधी लावायचा त्यालाही सोपा हिशेब आहे. आठ व्हॉल्व्ह, जो पूर्ण दाबलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करायचा आणि जो येईल तो लावायचा. आठवा दाबलेला तर पहिला, तिसरा दाबलेला तर सहावा. एवढं पुस्तकावरून कुणालाही जमावं. मी फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पात फटीत सरकवली, स्क्रू फिरवला, नट आवळला. काकांनी पात ओढून बघितली आणि मान हलवली. नट आवळताना स्क्रू किंचित फिरला होता. परत लावला. परत मान हलवली, या वेळी सैल. मग त्यांनी स्वतः एक लावला, पात आतच ठेवली आणि तिचं टोक माझ्या बोटांत दिलं. “ओढ.” मी ओढली. पात अडत नव्हती, पण सुटीही नव्हती. कुणीतरी पलीकडून नाखुशीने सोडत असावं इतपत ओढ. “हे लक्षात ठेव. बोटांत ठेव.” मग पुढचा मी लावला आणि ओढून बघितला, परत त्यांचा ओढला, परत माझा. असं करत करत दोन्ही सारखे लागायला लागले.

ही ओढ काकांना कुणीतरी अशीच बोटांत दिली असणार. त्या माणसालाही कुणीतरी. मॅन्युअल छापणाऱ्यांना आकडा छापता आला, ओढ छापता आली नाही. आमच्यातल्या एकाने काकांची कामं मोबाइलवर चित्रित करायला घेतली आहेत आणि मला त्याचं कौतुक आहे. पण व्हिडिओत दिसतं ते एवढंच, की एक म्हातारा माणूस पत्र्याची पात फटीत घालून काढतो. काकांचे हात आता कापतात. कार्ब्युरेटरचे बारीक स्क्रू ते दुसऱ्याकडून धरवून घेतात. मी त्यांच्याशेजारी उभी असते तेव्हा मनात एक घाई असते, आणि ती घाई गाडीच्या कामाची नसते.

गाडी तयार करण्याच्या या खटाटोपात आपण लोखंड वाचवतो असं मी समजत होते. आता वाटतं, बिघडलेली गाडी हे एक निमित्त आहे. ती अशी उघडी पडल्याशिवाय ही बोटं त्या बोटांशेजारी येतच नाहीत. माझ्या यादीप्रमाणे सगळं नवं आणून बसवलं असतं तर गाडी लवकर उभी राहिली असती, पण यातलं काही माझ्या हाताला लागलं नसतं. काकांनी हा विचार करून रेघा मारल्या असं मी म्हणणार नाही. त्यांना बहुतेक एवढंच दिसलं असेल की चांगला भाग फेकला जातोय.

क्लबात सगळं गोडीगुलाबीने चालतं असं कुणी समजू नये. मूळ स्थिती जपायची की नव्यासारखी करायची, यावर तिथे जे वाद होतात ते ऐकून बाहेरचा माणूस घाबरेल. एक गट म्हणतो, जुना रंग उडालेला असला तरी तो मूळ रंग आहे, त्याला हात लावू नका. दुसरा म्हणतो, गाडी सुंदर दिसण्यासाठीच केली होती, मग तशी दिसू दे. जुन्या गाड्यांच्या क्लबांची ‘फिवा’ ही जागतिक संघटना 1966 पासून आहे. तिच्या ट्यूरिन चार्टर या सनदेमध्ये जतनाला पुनर्निर्मितीपेक्षा वरचं स्थान दिलेलं आहे, आणि त्यामागे जुन्या वास्तूंसाठी 1964 साली झालेल्या व्हेनिस चार्टरची प्रेरणा आहे. आमच्यातले एक गृहस्थ या चार्टरचा दाखला फार आवेशाने देतात. मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि तरी पॉलिश केलेल्या बोनेटवर उजेड पडलेला बघून माझं मन हरखतं. दोन्ही खरं आहे.

शिवाय ‘मूळ’ म्हणजे काय हा प्रश्न मायनरच्या बाबतीत फारच रंगतो. ॲलेक इसिगोनिसने ही गाडी 1948 च्या लंडनमधल्या अर्ल्स कोर्ट मोटार प्रदर्शनासाठी तयार केली, तेव्हा शेवटच्या टप्प्यावर त्याला ती अरुंद वाटली. त्याने नमुना गाडी मधोमध उभी कापायला लावली आणि दोन्ही भाग एकमेकांपासून दूर सरकवून डोळ्यांना बरं दिसेल तिथे थांबवलं. चार इंच. बंपर आधीच तयार झाले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांवर ते कापून मध्ये जोडपट्टी घातलेली दिसते. बोनेटच्या मधोमध जो सपाट पट्टा आहे तो याच चार इंचांचा, आणि तो शेवटपर्यंत राहिला. सोळा लाखांवर मायनर निघाल्या, सगळ्यांच्या कपाळावर ती दुरुस्ती. रात्री शेडमध्ये एकटी असले की त्या पट्ट्यावरून हात फिरवते. ज्याने ही गाडी घडवली त्यालाही ती एकदा कापावी लागली होती, याचा मला का कोण जाणे, फार आधार वाटतो.

काळाबरोबर काही गोष्टी बदलाव्याच लागतात यावर मात्र दोन्ही गटांचं एकमत आहे. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकी झिजण्यापासून वाचवायचं. आता ते नाही, म्हणून इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवलं की एक्झॉस्टच्या बाजूला कडक धातूच्या बैठकी बसवून घेतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा बदलायचा. हे बाहेरून कुणाला दिसत नाही. इंजिनाच्या बाबतीत आम्ही नशीबवान आहोत. ए-सिरीजचं हे इंजिन 1951 साली ऑस्टिन ए30 मध्ये आलं, पुढे मिनी गाडीत गेलं आणि 2000 सालापर्यंत बनत राहिलं. त्यामुळे गॅस्केट, रिंगा, बेअरिंग अजून मिळतात. अडतं ते रबरापाशी आणि काचेच्या पट्ट्यांपाशी. एकट्याने मागितलं तर कुणी साचा काढत नाही. वेगवेगळ्या क्लबांनी मिळून मागणी नोंदवली की निघतो. 1930 साली इंग्लंडात वेटरन कार क्लब निघाला तेव्हा त्याच्यासमोर 1905 च्या आधीच्या गाड्या होत्या, ज्यांचे कारखानेच बहुतांशी बंद पडलेले. त्या गाड्या आजही लंडनहून ब्रायटनला धावतात, त्या अशा एकमेकांच्या आधारावरच.

मला एक गोष्ट अजून अवघड जाते, आणि ती म्हणजे हे ऋण. क्लबाची वर्गणी भरली की फिटणारं ते नाही. एखादा माणूस आपला रविवार माझ्या गिअरबॉक्सखाली घालवतो तेव्हा आभार मानणं अपुरं पडतं आणि काही देऊ केलं तर त्याला वाईट वाटतं. सुरुवातीला मी त्यामुळे मदत मागायचंच टाळायची. शिवाय एकटीने काम करताना जी शांतता होती ती गेली. गाडीवर माझ्याइतकाच इतरांचा हक्क झाला. “तिचं ऑइल बदललंस का?” असं कुणीही विचारतं, आणि मला उत्तर द्यावं लागतं. कधी कधी वाटतं, ती फक्त माझी होती तेच बरं होतं. मग कार्ब्युरेटर लावायची वेळ येते. बाजूची छोटी पिन बोटाने किंचित वर उचलायची आणि इंजिन ऐकायचं. वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडायला लागला तर कमी, क्षणभर जरासा वाढून परत जागेवर आला तर बरोबर. मी पिन उचलते, आणि शेडमधले इतर सगळे आपापलं काम थांबवून, न सांगता, माझ्याबरोबर ऐकतात. तेव्हा ती माझी एकटीची असावी असं मुळीच वाटत नाही.

काकांशी माझा एकच वाद झाला आणि तो त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून. ज्या नारिंगी हातासाठी मी ही गाडी घेतली, तो असताना वर वेगळे दिवे कशाला? मूळ स्थितीवाल्यांनी माझी बाजू घेतली. काका म्हणाले, खांबातून निघालेला वीतभर हात आज मागून येणाऱ्याला दिसत नाही, त्याला तो बघायची सवयच नाही. तुला हौस आहे, त्याला तर घरी पोचायचंय. बरेच आठवडे आम्ही यावर बोललो, कधी हसत, कधी नाही. त्या विजेवाल्या मुलीने शेवटी तारा अशा ओढल्या की एकाच बटणाने हातही बाहेर येतो आणि पुढे-मागे दिवेही उघडझाप करतात, आणि एकही नवं भोक पाडावं लागलं नाही. मूळ स्थितीवाले अजून नाराज आहेत. मला वाटतं काकांचं बरोबर होतं, आणि तरी दिवे लागतात तेव्हा माझी नजर खांबाकडेच जाते.

बंपर तेच आहेत, डाव्या टोकाला गंजाचे ठिपके असलेले. सीटला फक्त शिवण घातली. रंगाचं अजून ठरत नाही. दाराच्या आतल्या बाजूला, रबराखाली, मूळ रंगाचा हातभर तुकडा शाबूत सापडला आहे आणि तो बघून दोन्ही गटांनी आपापलंच म्हणणं सिद्ध झालं असं जाहीर केलं आहे. मी सध्या तो विषय बाजूला ठेवलाय. पुढच्या रविवारी क्लबात नव्याने आलेल्या एकाच्या इंजिनाचं हेड उतरवायचं आहे. त्याने कधी नट सोडलेला नाही. नट एकदम न सोडता थोडे थोडे, सगळे सारखे सोडत जायचे, हे मी त्याला दाखवायचं आहे असं काकांनी परस्पर ठरवून टाकलंय. टॉर्क रेंच मी नेलाय असं वहीत लिहिलेलं आहे, तेव्हा तो आठवणीने गाडीत ठेवायला हवा. आणि निघायच्या आधी ट्रनियनला ग्रीस.